हेमराजभाऊ आणि धानाचा कट्टा

हेमराजभाऊ जेवायला बसला की मला माझ्या ताटाची लाज वाटायची. आमच्या दोन घरांत एकच आंगण होतं. तो त्याच्या ओसरीवर बसायचा, मी माझ्या. त्याच्या ताटात भाताची एक लहानशी ढेरी, बाजूला वाटीभर घट्ट लाखोरीची डाळ, दोन उकडलेली अंडी, जवसाची चटणी. माझ्या ताटात भाताचा डोंगर. आमच्या भंडारा जिल्ह्यात माणूस पोळ्या खाऊन टम्म झाला तरी भात पोटात गेल्याशिवाय 'जेवलो' म्हणत नाही, आणि मी तर या बाबतीत जिल्ह्याची शान राखणारा माणूस. मी पहिला घास उचलला की पलीकडून आवाज यायचा.

"गुरुजी, थो डोंगर तुमी खानार का थो तुमाले खाईन?"

असा राग यायचा म्हणून सांगू! पण भात काही मी कमी केला नाही.

आसगावच्या शाळेत मी बदलून आलो तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोन-चार वर्षं झाली होती. हेमराजभाऊ वीज कंपनीत लाइनमन. शर्ट घातला की कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असा साधा, सडसडीत माणूस. पण सकाळी विहिरीवर उघडा आंघोळ करताना पाहावा. पाठीवर, दंडावर, पोटावर एकेक स्नायू असा वेगळा दिसायचा, की सुतारानं फुरसतीत रंधा मारून ठेवलाय वाटावं. आणि चरबी? नाव नको. हा माणूस कमरेला पट्टा बांधून खांबावर चढायचा तेव्हा खाली उभी असलेली माणसं बोलायची थांबायची.

माणूस भेटला की रामराम घालायच्या आधी हेमराजभाऊ त्याच्या कमरेवरची वळी दोन बोटांच्या चिमटीत धरायचा. तलाठी असो, सरपंच असो, नाहीतर माझ्यासारखा बिचारा मास्तर. चिमटीत धरायचा आणि गंभीर तोंड करून विचारायचा, "हे कोनाचं सामान ठेवून घेतलं जी तुमी?"

पहिल्याच दिवशी त्यानं मला हे विचारलं. मी म्हणालो, "माझंच आहे."

"तुमचं नाई. तुमचं असतं तं तुमच्या कामी आलं असतं. हे कामाचं नाई, आन् फुकटात घेऊन हिंडून राहिले तुमी."

त्याच्या या सगळ्या वेडाच्या मागे कबड्डी होती. आमच्याकडे दिवाळी झाली, धान कापून खळ्यावर आलं की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक आणि दिवसा कबड्डी. ही कबड्डी वजनाच्या गटांची. पंचावन्न किलोचा गट म्हणजे पंचावन्न किलोच्या वर एक मूठ धानाइतकंही वजन चालत नाही. मैदानाच्या तोंडाशी काटा ठेवलेला असतो, त्याच्यावर उभं राहायचं आणि मगच आत जायचं. हेमराजभाऊ आसगावच्या पंचावन्न किलोच्या चमूचा कप्तान. उजवा कोपरा त्याचा. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की तो माणूस मध्यरेषेकडे हात लांब करून नुसता ओरडायचा. मला चमूचा व्यवस्थापक केलं होतं, कारण मला अर्ज लिहिता यायचा आणि माझ्यापासून कुणाच्या जागेला धोका नव्हता.

आता या गटांच्या कबड्डीत पोट्टे काय करतात? वजन घ्यायच्या दोन दिवस आधी जागे होतात. मग जेवण बंद, पाणी बंद. ब्लँकेट गुंडाळून उन्हात धावतात. तोंडात चिंच धरून थुंकत बसतात, का तर थुंकीचंही वजन असतं! काट्यावर कसेबसे बसतात आणि मैदानात गेले की लटलट कापतात. हेमराजभाऊला याचा फार संताप. तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करायचा. पोळ्याची पुरणाची पोळी मात्र पोटभर खायचा, तुपात बुडवून, आणि सकाळी राइस मिलच्या काट्यावर जाऊन उभा राहायचा. तिथून मंडईपर्यंत हळूहळू, ढेरीतली एकेक चिमूट काढावी तसा भात कमी. डाळ वाढवायची, अंडी वाढवायची, तलावात मासोळी निघाली की ती. झोप पुरी. चहातली साखर गेली.

"वजन उतरवा," तो चमूला सांगायचा, "मानूस नोका उतरवू. समजलं का नाई?"

नुसतं वजन उतरलं की माणूसही उतरला, हे त्याला कळायचं कट्ट्यावरून. ओसरीच्या कोपऱ्यात धानाचा एक कट्टा, म्हणजे भरलेली गोणी, उभा असायचा, तोंड शिवलेला. त्याच्याच शेताच्या बांधीतलं धान. नवीन पीक आलं की जुनं विकायचं आणि नवं भरायचं, पण कोपरा रिकामा ठेवायचा नाही. दर रविवारी सकाळी तो कट्ट्यासमोर उकिडवा बसायचा, कट्टा आधी मांडीवर घ्यायचा, मग खांद्यावर, आणि तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन परत यायचा. वजन कमी झालं आणि कट्टा नेहमीसारखाच उचलला गेला, म्हणजे चरबी गेली. कट्टा जड लागला, म्हणजे ताकद गेली. मग त्या आठवड्यात तो ताट वाढवायचा आणि मुकाट्यानं आठ दिवस मागे जायचा.

"काटा अर्धीच गोठ सांगते, गुरुजी," तो म्हणायचा. "बाकीची अर्धी कट्टा सांगते."

त्याच्या बायकोची, सुनंदावहिनींची मात्र या पायी फार फजिती व्हायची. नवऱ्याच्या गालाची हाडं वर आलेली, हाताच्या शिरा दोरीसारख्या. शेजारच्या बाया विहिरीवर विचारायच्या, "काहून व बाई, भाऊले दवाखान्यात दाखवलं का नाई?" गावात बारीक होणाऱ्या माणसाला दोनच कारणं असतात, एक टीबी आणि दुसरं दारू. दारू हेमराजभाऊ शिवत नाही हे सगळ्यांना माहीत, म्हणजे उरलं काय? ही बातमी फिरत फिरत वहिनींच्या माहेरी गेली. एका सकाळी सासूबाई काळीपिवळी जीपमधून उतरल्या. एका बगलेत जिवंत कोंबडा, दुसऱ्या हातात तुपाचा डबा, आणि आंगणात पाय ठेवताच गळा काढला.

"माय वं! जवाईबापूचं काय होऊन गेलं वं! माया पोरीचं आता कसं व्हईन?"

हेमराजभाऊ नुकताच आंघोळ करून आला होता, उघडाच. ती पोटावरची वेगळी वेगळी वळणं पाहून म्हातारीनं आणखी सूर चढवला. तिला वाटलं, आतडी दिसताहेत! वहिनी समजावतात, मी समजावतो, म्हातारी ऐकेना. शेवटी हेमराजभाऊ ओसरीवर गेला, कट्टा मांडीवर घेतला, खांद्यावर टाकला आणि म्हातारीभोवती प्रदक्षिणा घालायला लागला.

म्हातारी रडायची थांबली. "ठेवा, ठेवा बापू! लचक भरंन!"

"मामीजी, टीबीवाला उचलते का असा कट्टा?"

"नाई जी."

"मंग थो कोंबडा सोडा आता. त्याले काहून दाबून राहिल्या?"

कोंबडा अर्थात सुटला नाही. दुपारी रस्सा झाला. तूप मात्र हेमराजभाऊनं खाल्लं नाही, ते माझ्या भातावर आलं. सासूबाई जाताना मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमी कसे छान दिसता!" उभ्या आयुष्यात माझ्या शरीराचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

चमूत रमेश नावाचा चढाईवाला होता. नवीनच लग्न झालेला, अंगानं भरदार, आणि सासुरवाडीच्या पाहुणचारानं आणखी भरत चाललेला. एका मंडईच्या आधी त्यानं हेमराजभाऊचं ऐकलं नाही. शेवटच्या दोन दिवसांत उपाशी राहिला, ब्लँकेट घेऊन धावला, थुंकला, आणि काट्यावर बरोबर बसला. आमच्याकडे पाहून असा हसला, जणू शिल्डच जिंकली. पहिल्याच चढाईत समोरच्या एका किरकोळ पोरानं त्याला कमरेला मिठी मारून उभ्याचा आडवा केला. दुसऱ्या चढाईत तो स्वतःच बसला. डोळ्यांपुढे अंधारी.

मला वाटलं, आता हेमराजभाऊ त्याला सोलून काढतो. त्यानं रमेशला उचलून झाडाखाली नेलं, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, आणि तो सावध झाल्यावर त्याच्या दंडाला चिमटीत धरलं.

"पाह्य बे," तो हळू आवाजात म्हणाला, "सामान अजून इथंच हाय. गेलं थे कामाचं गेलं. उपाशी मानसाचं अंग आंधळं असते. त्याले कळत नाई काय ठेवाचं आन् काय फेकाचं. जे हातात येईन थे फेकते."

पुढच्या वर्षीपासून रमेश पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी राइस मिलच्या काट्यावर हजर असायचा, शिव्या देत का होईना.

हा कट्टा कुणी उचलायला शिकवला, असं मी एकदा सहज विचारलं. मला वाटलं, एखाद्या उस्तादाचं नाव येईल.

"बाईनं," तो म्हणाला.

बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, मोहाडीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा घर बाईनं चालवलं. धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत, चिखलात वाकून वाकून आणि खळ्यावर धान वाहून वाहून तिच्या अंगात अशी ताकद होती, की पुरुष माणसं कट्टा उचलायला जोडीदार शोधायची आणि ही एकटी उचलून छकड्यात टाकायची. लहानग्या हेमराजला तिनंच सांगितलं होतं, आधी मांडीवर, मग खांद्यावर. कमरेनं उचलशील तर लवकर म्हातारा होशील. मी तिला एकदा पाहिलं होतं. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई. पाण्यानं भरलेली पितळी गुंडी एका हातानं तिवईवरून उतरवत ती मला म्हणाली होती, "गुरुजी, याले भात खायाले सांगत जा!"

मोहाडीची शिल्ड हे हेमराजभाऊचं एकच दुखणं होतं. आजूबाजूच्या सगळ्या मंडयांच्या शिल्डा त्याच्या घरी खिळ्याला टांगलेल्या होत्या. मोहाडीची नव्हती. नेमकी बहिणीच्या गावची. गुडघा कुरकुर करायला लागला, चाळिशी आली, तेव्हा त्यानं पोळ्यालाच जाहीर केलं, "यंदा आखरी. मोहाडीची शिल्ड बाईच्या दारात नेऊन ठेवतो आन् पंचावन्नाले रामराम."

त्याच वर्षी, पोळ्याच्या महिनाभर आधी, रोवण्याच्या दिवसांत बाईचा नवरा गेला होता. हेमराजभाऊ मातीला जाऊन आला. पण त्यानंतर वादळात कोलमडलेले खांब, तुटलेल्या तारा, आणि त्याची ती कंपनीची नोकरी. मोहाडीला पुन्हा जाणं झालं नाही. बाईचा मुलगा पुण्याला, कंपनीत. त्यालाही सुट्टी नाही.

त्यांच्या घरची एक रीत होती. घरात मौत झाली की पहिल्या सणाला माहेरच्या माणसानं येऊन त्या घरचा घास खायचा. तो खाल्ला म्हणजे सुतक फिटलं. मग चुलीवर गोड चढतं, दारात रांगोळी पडते. पोळ्याला, दिवाळीला हेमराजभाऊला जाता आलं नाही, म्हणून मोहाडीची मंडई हाच बाईच्या घरचा पहिला सण ठरला. आणि त्याच दिवशी दुपारी पंचावन्न किलोचं वजन.

आदल्या दिवशी राइस मिलच्या काट्यावर हेमराजभाऊ बरोबर पंचावन्न. वर नाही, खाली नाही. आणि सकाळी कट्टा असा उचलला, की जणू कापूस. खरं सांगतो, तो माणूस त्या सकाळी इतका सुंदर दिसत होता की मला गहिवरून आलं. चाळिशीतलं ते शरीर, त्यात नको असलेलं कणभर नाही आणि हवं असलेलं कणभर गेलेलं नाही. चमूतले सगळे त्याच्याकडे पाहून मनातल्या मनात शिल्डला खिळा ठोकत होते.

मोहाडीला उतरल्यावर तो चमूला म्हणाला, "तुमी मैदानात जा. मी आन् गुरुजी बाईकडून एक घास घेऊन येतो." एक घास हा त्याचा हिशेबातला होता. तेवढ्यासाठी तो सकाळी पाणीही विचार करून प्यायला होता.

बाईच्या दारात मी तिला ओळखलंच नाही. खांदे होते, पण नुसती हाडं. ब्लाउजच्या बाह्या लोंबत होत्या. "ये रे," ती म्हणाली, आणि पाय धुवायला पाणी द्यायचं म्हणून तिवईवरच्या गुंडीला हात घातला. गुंडी हलली, उठली नाही. तिनं दुसरा हात लावला. मग काही झालंच नाही असं दाखवत लोटा बुडवून पाणी दिलं.

हेमराजभाऊनं ते पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यानं पुढे होऊन बाईचा दंड चिमटीत धरला, सवयीनं. चिमटीत काहीच आलं नाही. त्यानं हात काढून घेतला.

बाईनं पाट मांडला. ताटात एक घास भात, वर तुपाचा थेंब, बाजूला मिठाची चिमूट.

"घे पटकन," ती म्हणाली. "वजन हाय ना तुयं? मले मालूम हाय. घास घेतला का झालं, सुतक फिटते. मंग जाय तू."

"तुयं ताट?"

"मी खाईन मंग."

तो उठला आणि सरळ रांधणीत गेला. मला तिथून दिसत होतं. भाताच्या भांड्यात त्या एका घासाशिवाय खरवडून निघेल तेवढाच भात होता.

"सकाळी काय खाल्लं, बाई?"

"चहा घेतला ना."

"काल?"

बाई पदरानं भांडं पुसायला लागली. "एकटीसाठी चूल पेटवाले मन नाई होत रे. आन् भात तं गिळतच नाई. थे समोर बसून जेवत होते, तं मले बी..."

एवढ्यात मंडईच्या मैदानावरचा भोंगा घरघरला. 'पंचावन्न किलो गटाचे सर्व खेळाडू, सर्व खेळाडू, वजनासाठी काट्यावर यावे!'

"जाय ना रे!" बाई म्हणाली. "भोंगा बोलावून राहिला."

हेमराजभाऊनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चुलीपुढे बसला. काटक्या मोडल्या, फुंकर घातली, पेटवलं. डब्यातून तांदूळ घेतले. मूठभर नाही, चांगले तिघांचे. धुतले, चढवले. डाळ शोधून तीही लावली. बाई त्याच्या खांद्याला धरून ओढत होती. "पागल झाला का रे? तुयं आखरी वर्ष हाय! शिल्ड कोन आनंन?" तो चुलीत आणखी एक काटकी सारत होता. भोंगा पुन्हा बोलला, आसगावचं नाव घेऊन बोलला. मी दारात उभा राहून नुसता चुळबुळत होतो. मला त्याचा रागही येत होता आणि त्याला थांबवायची हिंमतही होत नव्हती.

भात झाला. त्यानं तीन ताटं घेतली. एक मला. दोन समोरासमोर. दोन्हींत भाताची सारखी ढेरी, तशी मोठी, माझ्या ढेरीसारखी.

"बस," तो बाईला म्हणाला. "तू एक घास, मी एक घास. तू थांबली का मी बी थांबन. आन् मी थांबलो तं तुया घरचं सुतक तसंच राहीन. समजलं का नाई?"

"मेल्या, तू मले दम देऊन राहिला?"

"हव."

बाईनं पहिला घास घेतला तो रडतच. त्यानं घेतला. तिनं दुसरा घेतला. तो तिच्या हाताकडे पाहत होता आणि ती भोंग्याकडे कान देऊन त्याला शिव्या देत होती, आणि शिव्या देता देता खात होती. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा भात गिळवेना. ताटं रिकामी झाली तेव्हा तो म्हणाला, "आनखी वाढ." आणि दोघांनी पुन्हा घेतलं.

आम्ही मैदानात पोचलो तेव्हा काटा उचलायची तयारी चालली होती. हेमराजभाऊ उभा राहिला. काटा पंचावन्नाच्या पुढे गेला आणि तिथंच थांबला. पंच ओळखीचा होता, त्यालाही वाईट वाटलं. "भाऊ, अर्धा घंटा देतो. काय करता येते पाहा."

रमेश ब्लँकेट घेऊन धावत आला. दुसऱ्या कुणाचं तरी होतं. "भाऊ, दोन चक्कर मारा. नाईतं तिकडे झाडामांगं चला, घशात बोट घाला. कोनी पाहून नाई राहिलं."

"बहिनीच्या घरचा भात थुकू का बे मी?" हेमराजभाऊ म्हणाला. चिडून नाही, अगदी साधेपणानं. मग त्यानं शर्ट घातला, बटणं लावली आणि उजव्या कोपऱ्याच्या रेषेबाहेर जाऊन बसला.

आसगाव उपांत्य सामन्यात हरलं. उजवा कोपराच फुटला, नेमका उजवा. रमेश जीवतोड खेळला, त्याची ताकद शेवटपर्यंत टिकली, पण एकटा किती खेळेल? परतीच्या जीपमध्ये मला राहवलं नाही. म्हणालो, "भाऊ, वजन झाल्यावर बाईकडे जाऊन जेवला असता तर चाललं नसतं का? संध्याकाळपर्यंत काय बिघडणार होतं?"

तो बाहेर कापलेल्या बांध्यांकडे पाहत होता.

"तेव्हा तिनं म्हटलं असतं, मायं जेवून झालं," तो म्हणाला. "मी अडून बसलो, मले काट्यावर धाडाचं होतं, म्हनून तिनं ताट घेतलं, गुरुजी. तिच्यापाशी तेवढंच एक कारन उरलं होतं." मग आपल्याच बोटांकडे पाहत, "मी जगाची चिमटी घेत हिंडलो. सगळ्यांचं काय काढाचं थेच पाहत राहिलो. बाईचं काय जाऊन राहिलं, थे पाहाले चार महिने कोनी गेलंच नाई."



पुढच्या रविवारी सकाळी मी ओसरीवर आलो तर कोपरा रिकामा. कट्टा नाही! वहिनी म्हणाल्या, "पहिल्या गाडीनं मोहाडीले गेले. कट्टा टपावर टाकून नेला. अर्धं धान इथंच ओतून गेले." तेव्हापासून त्याचा रविवार मोहाडीला. जाताना पिशवीत अंडी, डाळ, कधी मासोळी. तिथं चूल पेटवायची, बाईसमोर बसून जेवायचं, घासाला घास. आणि जेवणाआधी बाईनं तो अर्धा कट्टा मांडीवर घ्यायचा. सुरुवातीला नुसता मांडीवर. महिनाभरानं खांद्यावर. ती नेहमीसारखी उचलायला लागली की तो कट्ट्यात ओंजळ-दोन ओंजळी धान वाढवायचा. बाई भांडायची, "माया घरी येऊन मलेच हमाल बनवून राहिला!" तो म्हणायचा, "तूनंच बनवलं होतं मले."

पुढच्या दिवाळीच्या सुमारास माझी बदली झाली. सामान ट्रकवर गेलं आणि मी निरोप घ्यायला मोहाडीला उतरलो, कारण रविवार होता, आणि मंडईही त्याच दिवशी. बाईच्या दारात रांगोळी होती. आंगणात नवीन धानाची रास. हेमराजभाऊ भिंतीला टेकून उभा होता आणि बाई कट्ट्यासमोर उकिडवी बसली होती. आता कट्टा भरलेला, तोंड शिवलेला. तिनं तो मांडीवर घेतला. दम घेतला. हेमराजभाऊचे हात आपोआप पुढे झाले.

"हात नोको लावू!" ती ओरडली, तोच जुना मोठा आवाज, आणि कट्टा खांद्यावर घेऊन आत कोठीत निघून गेली.

तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मी मागून गेलो आणि इतक्या वर्षांचा सूड घेतला. त्याच्या कमरेला चिमटीत धरलं. खरंच, एक चांगली जाड वळी माझ्या बोटांत आली.

"काय जी," मी विचारलं, "हे कोणाचं सामान ठेवून घेतलं तुम्ही?"

तो वळला. हसला, पण डोळे भरले होते.

"बाईचं हाय, गुरुजी," तो म्हणाला. "राहू द्या."

तेवढ्यात मैदानावरचा भोंगा घरघरला. पंचावन्न किलो गटाचे खेळाडू, काट्यावर यावे. हेमराजभाऊनं एकदा तिकडे कान दिला. मग त्यानं गुंडीतून पाणी घेऊन हात धुतले, आत जाऊन पाटावर बसला, माझ्यासाठी शेजारचा पाट ओढला आणि म्हणाला, "वाढ बाई."